शनीची कडी पाहून थांबू नका: गच्चीवरून शनीचे वजन काढण्याची रीत

नवी दुर्बीण घेतली की पहिल्या महिन्यात चंद्र होतो, गुरूचे चार चंद्र होतात, मग एके रात्री शनी सापडतो. कडी दिसतात, घरातली सगळी मंडळी एकेक करून डोळा लावून जातात आणि दुसऱ्या आठवड्यात दुर्बीण माळ्यावर जाते. माझ्याकडेही तसेच होणार होते. ते टळले, कारण एका जाणत्या निरीक्षकांनी मला विचारले, "कड्यांच्या शेजारचा तो ठिपका कुठे होता, लिहून ठेवलंस का?" तो ठिपका म्हणजे टायटन, शनीचा सर्वांत मोठा चंद्र. तो रोज कुठे असतो हे दोन महिने वहीत टिपले, तर आपल्याच गच्चीवरून शनीचे वस्तुमान काढता येते. त्यासाठी आठवी-नववीचे गणित पुरते.

हे करताना मी जिथे जिथे अडलो, तिथे तुम्ही अडू नये म्हणून हा लेख. पायऱ्या क्रमाने करा, विशेषतः दुसरी पायरी वगळू नका.

आधी जमवाजमव

• दुर्बीण: ७० मिमी भिंगाची किंवा त्याहून मोठी. ख्रिस्तियान हायगेन्सने १६५५ मध्ये टायटन शोधला तेव्हा त्याच्या दुर्बिणीचे भिंग साधारण ५७ मिमीचे होते आणि ती सुमारे ५० पट मोठे दाखवायची. तुमच्याकडे त्याच्यापेक्षा चांगले साधन आहे.
• दोन आयपीस, म्हणजे डोळा लावायच्या बाजूची बदलता येणारी भिंगे: एक २० ते २५ मिमीचा, दुसरा ९ ते १० मिमीचा.
• मोबाइलमधले स्टॉपवॉच आणि स्टेलॅरियमसारखे आकाशाचे ॲप.
• जाड पुठ्ठ्याची वही, आलेखाचा कागद, पेन्सिल. पेन दवाने फसते.
• लाल जिलेटिन कागद लावलेली बॅटरी.
• सोसायटीत राहत असाल तर गच्चीची किल्ली. सेक्रेटरींना एक साधे पत्र आधीच द्या: कोणत्या महिन्यांत, किती वाजेपर्यंत, किती माणसे. एकदा लेखी परवानगी असली की दर वेळी रात्री दहाला कुणाची बेल वाजवावी लागत नाही.
• सिलिका जेलच्या पुड्या. कोकणपट्टीत आणि गोव्यात पावसाळाभर पेटीत बंद राहिलेल्या भिंगांना बुरशी धरते, आणि ती कायमचा डाग सोडते. पुड्या दर महिन्याला बदला.

१. दुर्बीण घेताना आकड्याला भुलू नका

माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या खोक्यावर "५२५ पट" असे मोठ्या अक्षरांत लिहिले होते. दुर्बिणीची उपयोगी मर्यादा ठरते ती भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर: मिलिमीटरमागे फार तर दुप्पट. म्हणजे ७० मिमीला १४० पट, तेही हवा अगदी स्थिर असेल तेव्हा. त्यापुढे शनी मोठा होतो, पण धुरकट होतो.

किती पट मोठे दिसेल हे काढायला दुर्बिणीच्या नाभीय अंतराला (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतचे अंतर, ते नळीवर लिहिलेले असते) आयपीसच्या नाभीय अंतराने (त्यावर लिहिलेले मिमी) भागा. १२०० मिमीची दुर्बीण आणि १० मिमीचा आयपीस म्हणजे १२० पट. या सगळ्या उद्योगाला एवढे भरपूर झाले. कडी तर २५-३० पटींनाच वेगळी जाणवू लागतात.

पैसे मोजके असतील तर दुर्बीण आकाशाबरोबर आपोआप फिरवणाऱ्या मोटारवर खर्च करू नका, मजबूत बैठकीवर करा. सहा इंची आरशाची, लाकडी बैठकीवर फिरणारी साधी डॉब्सोनियन दुर्बीण मला या कामासाठी सर्वांत योग्य वाटते. तिला मोटार नसते, आणि सहाव्या पायरीत नेमके तेच आपल्या उपयोगी पडणार आहे. घेण्याआधी एखाद्या मंडळाच्या कार्यक्रमात दोन-तीन दुर्बिणींतून प्रत्यक्ष पाहा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ, पणजीत असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी. तिथली अनुभवी माणसे नवख्याला आनंदाने वेळ देतात.

२. फाइंडर दिवसा जुळवा

नवखे लोक सर्वांत जास्त इथेच हरतात. फाइंडर, म्हणजे मुख्य नळीवरची छोटी दुर्बीण, जुळलेली नसेल तर शनी कधीच सापडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल दुर्बीणच खराब आहे.

दिवसाउजेडी निदान एक-दोन किलोमीटर लांबचा मोबाइल टॉवर किंवा देवळाचा कळस धरा. आधी मुख्य दुर्बिणीत तो मधोमध आणा, मग फाइंडरचे स्क्रू फिरवून त्यातही तीच वस्तू मधोमध आणा. शेजारच्या इमारतीवर जुळवू नका, जवळच्या वस्तूने जुळणी चुकते. हे करताना दुर्बीण सूर्याच्या आसपासही वळवू नका. क्षणभराच्या चुकीने डोळा कायमचा जाऊ शकतो. मुले जवळ असतील तर हे काम सूर्य इमारतीआड गेल्यावरच करा.

३. शनी केव्हा आणि कुठे

शनी सूर्याच्या बरोबर समोर येतो त्या दिवसाला प्रतियुती म्हणतात. तेव्हा तो पृथ्वीला सर्वांत जवळ असतो आणि रात्रभर दिसतो. २०२६ मध्ये प्रतियुती ४ ऑक्टोबरला आहे, २०२७ मध्ये १८ ऑक्टोबरला. दर वर्षी ती साधारण दोन आठवड्यांनी पुढे सरकते. आपल्या दृष्टीने हे चांगलेच आहे, कारण पाऊस मागे हटतो आणि शनी हाताशी येतो. ऑक्टोबर ते डिसेंबर हे तीन महिने धरा.

जागा शोधायला घरातले पंचांगही चालते. २९ मार्च २०२५ पासून शनी मीन राशीत आहे. पंचांगातल्या राशी आणि खगोलशास्त्रातल्या तारकासमूहांच्या सीमा तंतोतंत जुळत नाहीत, पण आकाशाचा कोणता पट्टा पाहायचा ते कळते. २०२६ च्या ऑक्टोबरात पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदांचा मोठा चौकोन शोधा. त्याची पूर्वेकडची बाजू दक्षिणेला तेवढीच वाढवा आणि किंचित पूर्वेला सरका. तिथला पिवळसर, न लुकलुकणारा ठिपका म्हणजे शनी.

घाई करून तो उगवल्या उगवल्या पाहू नका. क्षितिजाजवळ हवा उकळत्या पाण्यासारखी हलते. मुंबईच्या अक्षांशावरून सध्या शनी माथ्यापासून वीसेक अंशांच्या आत येतो. लंडनमधल्या आपल्या मंडळींना तोच शनी जेमतेम चाळीस अंशांवर मिळतो. हे आपले भाग्य वापरा, तो चढेपर्यंत थांबा. खिडकीतून, काचेआडून पाहू नका. दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर ठेवा, म्हणजे नळीतली हवा बाहेरच्या हवेइतकी होईल. दिवसभर तापलेल्या स्लॅबवरची गरम हवाही प्रतिमा हलवते. शक्य असेल तर आधी गच्चीवर दोन बादल्या पाणी मारा.

शहरातला उजेड शनीला अडवत नाही, चांदणेही नाही. कोजागिरीला गच्चीवर माणसे जमतातच, त्या रात्री खुशाल दुर्बीण लावा.

४. कडी नीट पाहा, आणि काढा

पहिल्या रात्री फक्त चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल. हात चालू लागला की डोळा जास्त पाहतो, हा माझा दर वेळचा अनुभव आहे.

तीन गोष्टी शोधा. पहिली, शनी गोल नाही. तो साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे विषुववृत्तावर फुगला आहे: तिथे व्यास सुमारे १,२०,५०० किमी, ध्रुवांमधून १,०८,७०० किमी. हा दहा टक्क्यांचा चपटेपणा नुसत्या नजरेला कळतो. दुसरी, शनीची सावली कड्यांवर कुठे पडली आहे. प्रतियुतीच्या दिवशी ती जवळजवळ नाहीशी होते आणि कडी एरवीपेक्षा उजळ दिसतात. तिसरी, कड्यांमधली काळी रेघ, कॅसिनीची फट. जोव्हानी कॅसिनीने ती १६७५ मध्ये टिपली. ती सुमारे ४,६०० किमी रुंद आहे, तरी दिसायला चांगली हवा, शंभर मिमीच्या आसपासचे भिंग आणि पुरेशी उघडलेली कडी लागतात.

"उघडलेली" हा शब्द महत्त्वाचा. २३ मार्च २०२५ ला पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, तेव्हा कडी आपल्याकडे धारेने होती. बहुतेक ठिकाणी त्यांची जाडी दहाएक मीटरच असल्याने अशा वेळी ती दिसेनाशी होतात. १६१२ मध्ये गॅलिलिओ याच गोष्टीने गोंधळून गेला होता. आता ती हळूहळू उघडत आहेत आणि २०३२ च्या सुमारास साधारण २७ अंशांपर्यंत उघडतील. त्यामुळे २०२६ मध्ये कडी अरुंद दिसली, कॅसिनीची फट सापडली नाही, तर दुर्बिणीला दोष देऊ नका. अरुंद कड्यांचा एक फायदाही आहे: टायटन शनीच्या जवळपास सरळ रेषेत पूर्व-पश्चिम ये-जा करताना दिसतो, आणि मोजणे सोपे जाते.

५. टायटन ओळखा

कमी मोठे दाखवणारा, म्हणजे २० ते २५ मिमीचा, आयपीस लावा. शनीच्या आजूबाजूला, कड्यांच्या लांबीच्या साडेचार पटींपर्यंतच्या अंतरात, एक बारीक पण स्पष्ट ठिपका दिसेल. त्याची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका ठिपका अंधूक) आठच्या थोडी पुढे असते, म्हणजे ७० मिमीत शहरातूनही दिसतो.

तो मागचा एखादा तारा तर नाही? ॲपमध्ये पाहून घ्या, आणि दुसऱ्या रात्री पुन्हा पाहा. प्रतियुतीच्या सुमारास शनी ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रोज चार-पाच कला सरकतो. तारा असेल तर मागे पडेल, टायटन शनीबरोबर येईल.

दिशा चुकतात, कारण आरशाची दुर्बीण प्रतिमा उलटी करते आणि भिंगाच्या दुर्बिणीचा तिरपा आरसा डावे-उजवे बदलतो. यावर एकच उपाय पाठ करा: दुर्बीण हलवू नका. शनी ज्या बाजूने सरकत बाहेर जातो ती पश्चिम. वहीत डावे-उजवे लिहूच नका, पूर्व-पश्चिमच लिहा. माझे पहिल्या महिन्याचे सगळे वेध या एका चुकीमुळे वाया गेले.

६. स्टॉपवॉचने कोन मोजा

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका सेकंदात १५ विकला. (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला.) शनी सध्या खगोलीय विषुववृत्ताच्या, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेच्या, जवळ असल्यामुळे तो न हलवलेल्या दुर्बिणीत जवळजवळ याच वेगाने सरकतो. शिवाय शनीचा उत्तर ध्रुव आकाशाच्या उत्तर ध्रुवापासून साडेसहा अंशांवरच असल्याने कड्यांची लांबी आणि टायटनची वाट दोन्ही पूर्व-पश्चिमच राहतात. म्हणून कोन मोजायला नुसते घड्याळ पुरते.

टायटन शनीपासून सर्वांत लांब असेल त्या रात्री असे करा:

मोटार असेल तर बंद करा. शनी आणि टायटन दोन्ही दृष्टिक्षेत्राच्या (आयपीसमध्ये दिसणाऱ्या गोलाच्या) मधल्या रेषेवरून जातील असे दुर्बीण लावा आणि हात काढून घ्या. टायटन पश्चिमेला असेल तर तो आधी कडेला नाहीसा होईल, तेव्हा स्टॉपवॉच सुरू करा. मग कड्यांचे पहिले टोक कडेला टेकेल ती वेळ आणि शेवटचे टोक जाईल ती वेळ लॅपमध्ये नोंदवा. या दोन्हींची सरासरी म्हणजे शनीच्या केंद्राची वेळ. टायटन पूर्वेला असेल तर क्रम उलटा.

असे निदान दहा वेळा करा आणि सरासरी घ्या. एकाच मोजणीवर विसंबू नका, आपले बोट अर्धा सेकंद सहज चुकते. शनी दृष्टिक्षेत्राच्या मधून न जाता वरून किंवा खालून गेला, तर कडेच्या गोलाईमुळे वेळ फसवी येते. ती मोजणी सोडून द्या.

साधारण १३.२ सेकंद येतील. पंधराने गुणले की १९८ विकला. कड्यांची दोन टोके जाण्यातले अंतर तीनेक सेकंद, म्हणजे ४५ विकला.

आता शनीचे त्या दिवसाचे अंतर ॲपमधून घ्या. समजा ते १२७ कोटी किमी आहे. त्याला २,०६,२६५ ने भागा, कारण कोणत्याही अंतरावर त्या अंतराच्या एवढ्याव्या भागाइतकी लांबी एक विकला दिसते: शनीपाशी एक विकला म्हणजे सुमारे ६,१६० किमी. १९८ ने गुणले की टायटनचे शनीपासूनचे अंतर आले, १२ लाख २० हजार किमी. ४५ ने गुणले की कड्यांची लांबी आली, पावणेतीन लाख किमीच्या आसपास. आपल्या पृथ्वीपासून चंद्रापर्यंतच्या अंतराचा तीन-चतुर्थांश भाग ही कडी व्यापतात, हे मी माझ्या वहीत पहिल्यांदा लिहिले तेव्हा बराच वेळ गच्चीतच बसून राहिलो होतो.

७. फेरीचा काळ काढा

आलेखाच्या कागदावर आडवी तारीख, उभे टायटनचे त्या रात्रीचे शनीपासूनचे अंतर, याच रीतीने मोजलेले. पूर्व वर, पश्चिम खाली. रोजचा एक बिंदू. ढग असतील ते दिवस मोकळे सोडा, अंदाजाने भरू नका. दोन-तीन आठवड्यांत लाट दिसू लागते.

एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंत सुमारे १६ दिवस भरतील. पण शिखर नेमके कोणत्या तासाला होते हे सांगता येत नाही, अर्ध्या दिवसाची चूक होतेच. म्हणून चार फेऱ्या एकदम मोजा आणि चारने भागा, चूकही चौथा हिस्सा होते. खरा काळ १५.९५ दिवस आहे. डिसेंबरपर्यंत शनी लांब जातो आणि लाटेची उंची घटते, तेव्हा अंतर प्रतियुतीजवळच्या वेधांवरून काढा, काळ मात्र सगळ्या वेधांवरून.

८. वजन

केप्लरच्या नियमाचे न्यूटनने जे रूप दिले त्यानुसार मधल्या ग्रहाचे वस्तुमान हे चंद्राच्या अंतराच्या घनाला फेरीच्या काळाच्या वर्गाने भागून मिळते. स्थिरांकांची भानगड टाळण्यासाठी आपल्याच चंद्राशी तुलना करा. चंद्र ३,८४,४०० किमीवर, फेरी २७.३२ दिवस.

टायटन चंद्रापेक्षा ३.१७ पट लांब. ३.१७ × ३.१७ × ३.१७ = ३१.९.
फेरी १.७१ पट लवकर. १.७१ × १.७१ = २.९२.
३१.९ × २.९२ = ९३.

शनी म्हणजे ९३ पृथ्व्या. मान्य आकडा ९५ आहे. एका स्टॉपवॉचवर दोन टक्क्यांची चूक. तुमचे उत्तर ८५ आले किंवा १०५ आले तरी ते खोडू नका. अंतराचा घन होतो, म्हणून अंतरातली तीन टक्क्यांची चूक वजनात नऊ टक्क्यांची होते. पहिला संशय तिथे घ्या.

याच आकड्यातून आणखी एक गोष्ट निघते. शनीचे घनफळ पृथ्वीच्या सुमारे ७६४ पट आहे, वजन मात्र ९५ पट. म्हणजे त्याची घनता पाण्यापेक्षाही कमी, ०.६९. इतका प्रचंड ग्रह, तरी त्याच्या ढगांच्या माथ्यावर विषुववृत्तापाशी ओढ पृथ्वीवरच्यापेक्षा किंचित कमीच आहे.

गच्चीवर कुणीतरी साडेसातीचे विचारतेच, आणि विचारणाऱ्याच्या मनात खरी काळजी असते. तिला हसू नका. हा हिशेब दाखवा: शनी पृथ्वीपासून जवळात जवळ असतानाही त्याची आपल्यावरची ओढ चंद्राच्या ओढीच्या हजाराव्या हिश्शाहून कमी भरते. मग त्यांना दुर्बिणीपाशी बोलवा.

९. तोच नियम कड्यांना लावा

कडी म्हणजे अखंड पत्रा नव्हे. तसा पत्रा टिकूच शकत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने १८५० च्या दशकात गणिताने दाखवले आणि १८९५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ कीलरने वर्णपटावरून आतला भाग बाहेरच्यापेक्षा वेगाने फिरतो हे सिद्ध केले. मुख्यतः पाण्याच्या बर्फाचे असंख्य तुकडे आहेत, आणि प्रत्येक तुकडा स्वतंत्र चंद्र आहे. मग त्यालाही टायटनचाच नियम लागू.

कड्यांची बाहेरची कड केंद्रापासून १,३६,८०० किमीवर. टायटन तिच्या ८.९३ पट लांब. काळाचा वर्ग अंतराच्या घनाप्रमाणे वाढतो, म्हणून ८.९३ ला त्याच्या वर्गमुळाने, २.९९ ने, गुणा: २६.७. टायटनच्या ३८२.७ तासांना याने भागा: १४.३ तास. तसेच आतल्या सी कड्याच्या आतल्या कडेसाठी (७४,७०० किमी) करा, सुमारे ५ तास ४७ मिनिटे येतील. शनी स्वतः साडेदहा तासांत फिरतो, म्हणजे आतले तुकडे ग्रहाच्या पुढे पळत आहेत. शनीच्या ढगांवरून पाहिले तर ते पश्चिमेला उगवतील.

आता कॅसिनीच्या फटीची आतली कड, १,१७,६०० किमी. उत्तर ११.४ तास. मायमस नावाचा शनीचा छोटा चंद्र २२.६ तासांत फेरी करतो. निम्मे करा: ११.३. या कडेवरच्या तुकड्यांच्या दोन फेऱ्या होतात तेव्हा मायमसची एक होते, त्यामुळे मायमसचा हिसका त्यांना पुन्हा पुन्हा कक्षेच्या त्याच जागी बसतो. झोक्याला दर वेळी त्याच क्षणी धक्का द्यावा तसा. तिथे कडे टिकत नाही, कड कापली जाते. उरलेला बारीकसा फरक शनीच्या चपटेपणाचा आहे, कारण आपला साधा नियम गोल ग्रहासाठी आहे.

कडी इतक्या जवळच का, याचेही उत्तर ओढीतच आहे. शनीच्या केंद्रापासून साधारण सव्वादोन त्रिज्यांच्या आत बर्फाचा सैल गोळा स्वतःला धरून ठेवू शकत नाही, जवळच्या बाजूवरची ओढ आणि लांबच्या बाजूवरची ओढ यांतला फरक त्याला फाडतो. या सीमेचे गणित एदुआर रोश याने १८४८ च्या सुमारास मांडले. कड्यांची बाहेरची कड मोजा: शनीच्या त्रिज्येच्या २.२७ पट.

शनीभोवती फिरणाऱ्या कॅसिनी नावाच्या यानाने २०१७ मध्ये, शेवटच्या २२ फेऱ्यांत कडी आणि ग्रह यांच्यामधून जाताना, आपल्या वेगातल्या सूक्ष्म बदलांवरून कड्यांचे वजनही काढले. ते मायमसच्या वजनाच्या निम्म्याहून कमी निघाले. पद्धत मुळात आपलीच: ओढीने वाट किती बदलली ते मोजायचे.

१०. पुढच्या हंगामासाठी

टायटन जमला की ऱ्हिया हा शनीचा दुसरा चंद्र घ्या: फेरी साडेचार दिवसांची, प्रत दहाच्या आसपास, सहा इंची दुर्बीण आणि चांदणे नसलेली रात्र हवी. त्याच्यावरूनही वजन काढा, उत्तर तेच यायला हवे. मग आयापेटस हा आणखी एक चंद्र. तो शनीच्या पश्चिमेला असताना दिसतो आणि पूर्वेला गेला की पाचपट अंधूक होतो, कारण त्याची एक बाजू बर्फासारखी उजळ आणि दुसरी कोळशासारखी काळी आहे. त्याची फेरी ७९ दिवसांची, तेव्हा त्याच्यासाठी वहीत निदान तीन पाने मोकळी ठेवा, आणि किल्लीचे पत्र या वेळी जानेवारीअखेरपर्यंतचे द्या.